गुप्त आखाड्याचे डॉक्टर

बुधवार, १२ फेब्रुवारी १९३६

औषधांच्या एजंटाने नवीन वर्षाची म्हणून दिलेली ही डायरी दीड महिना कोरीच पडून होती. कंपाउंडरच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडतं? सकाळी कर्जतचा दवाखाना झाडायचा, खोकल्याचं मिक्श्चर ढवळायचं, बाटल्यांवर डोसाच्या खुणांच्या कागदपट्ट्या चिकटवायच्या आणि दिवेलागणीला भिसेगावात घरी. पण आज घडलं, म्हणून लिहितो.

आधी हे की डॉक्टरसाहेब परवा मोतीबिंदू काढून घ्यायला मुंबईला लेकाकडे गेले. सव्वा महिना तरी मोडेल. किल्ली हातात देताना म्हणाले, "सहदेव, हिवताप, खोकला आणि मलमपट्टी. त्यापलीकडचं काही आलं तर सरळ कल्याणला पाठवायचं. डॉक्टरकी करायची नाही." मी मान डोलावली. चौदा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा आहे, एवढं सांगायची खरं तर गरज नव्हती.

आज दुपारी मुंबईचे एक गृहस्थ आले. अर्ध्या बाह्यांचा सदरा, डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात दोरीला एक काळी काच. नाव तेलंग. बोलपट काढतात. आमच्या भिसेगावातली आबाजीशेटची बंद पडलेली भातगिरणी त्यांनी दोन महिन्यांसाठी घेतली आहे. चित्राचं नाव 'गुप्त आखाडा'. मुंबईतल्या एका बंद गिरणीत बडे लोक चोरून ठोशांच्या लढती लावतात, हरलेल्याला मागच्या दाराने उकिरड्यावर टाकतात, आणि आपला नायक तिथे उतरून सगळ्यांचं बिंग फोडतो, अशी कथा. मारामारी म्हटली की खरचटणार, म्हणून मलमपट्टीला माणूस हवा. दुपारनंतर तीन तास.

"डॉक्टर, तुमच्यासारखा जाणता माणूस मिळाला तर मी निर्धास्त," असं तेलंग म्हणाले. मी डॉक्टर नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी सिगारेट पेटवली आणि ते राहून गेलं.

घरी सांगितलं. इंदू भाकरी थापत होती. तिने विचारलं, मारामारी खोटीच असणार ना, मग मलमपट्टी कशाला लागते? बायकांना कलेतलं काय समजावणार.


शनिवार, १५ फेब्रुवारी

गिरणीवर पहिला दिवस. डॉक्टरसाहेबांची छातीला लावायची नळी बरोबर नेली. गळ्यात घातली, कारण खिशात मावत नव्हती.

गंमत अशी की चित्रातल्या लढती अपरात्री होतात आणि इथे त्या भर दुपारी घेतात. छपराचे पत्रे काढलेत. खाली मजूर चंदेरी कागद लावलेले फळे धरून उभे राहतात आणि ऊन आत फेकतात. त्या उन्हातून मग रात्र तयार करतात म्हणे. आवाज टिपणारा मनुष्य एका पेटीत डोकं घालून बसतो आणि घाटावर जाणारी गाडी शिटी मारू लागली की हात वर करतो, सगळे थांबतात. आज नायक "मी अन्यायाला भीत नाही" एवढं वाक्य नऊ वेळा बोलला. पाच वेळा गाडी, तीन वेळा कावळा, एकदा तो स्वतःच विसरला.

नायक चंद्रकुमार फार देखणे. सारखे आरशात नाक बघतात. त्यांच्या नाकाचा विमा आहे असं कोणी म्हणालं. त्यामुळे त्यांना कोणीही मारायचं नाही. त्यांच्या जागी पाठमोरे लढायला कल्याणच्या रेल्वे कारखान्यातले पिंटो म्हणून फिटर आणलेत. मुष्टियुद्धात त्यांनी बक्षिसं घेतली आहेत. चड्डी नायकासारखीच, केसही तसेच कापलेत. याला डमी म्हणतात. पिंटो फारसे बोलत नाहीत. मी गळ्यातली नळी नीट करत ओळख करून घ्यायला गेलो, तर त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होतो. वहाण बाहेर काढली होती, दवाखान्याच्या सवयीने.


सोमवार, १७ फेब्रुवारी

खलनायकाचा पहिलवान म्हणून मुंबईहून आणलेला गडी पिंटोंबरोबर पहिल्याच तालमीला पोटात एक ठोसा खाऊन दुपारच्या गाडीने परत गेला. काम अडलं. तेलंग डोक्याला हात लावून बसले.

तेवढ्यात त्यांचं लक्ष फळा धरणाऱ्या एका मजुराकडे गेलं. कडावच्या वरच्या ठाकूरवाडीतला शुक्रा. सकाळपासून फळा डोक्यावर धरून उभा होता आणि ऊन तसूभर हललेलं नव्हतं. तेलंगांनी त्याचा दंड चाचपून पाहिला आणि विचारलं, "मार खाशील?"

शुक्राने विचारलं, "कुनाचा?"

पिंटोंकडे बोट दाखवल्यावर त्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. म्हणाला, "खाईन. पन त्यालाबी खावा लागंल."

सगळे हसले. पिंटो हसले नाहीत. रुक्ष माणूस.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शुक्रा चार दिवसांत तयार झाला. ठोसा येताना डोळे मिटायचे नाहीत, हे तर तो पहिल्याच दिवशी शिकला. एकच गोष्ट त्याला जमत नाही, ती म्हणजे पडणं. कथेत शेवटच्या लढतीत तो नायकाच्या ठोशाने पडतो. पिंटो हलकेच हात लावतात, तेलंग "पड" म्हणतात आणि हा उभाच. ढकलल्याशिवाय माणूस पडेल कसा, असं त्याचं म्हणणं. शेवटी पिंटोंनी स्वतः पाच-सहा वेळा पडून दाखवलं. शुक्राने मन लावून पाहिलं आणि दर वेळी हात देऊन त्यांना उठवलं. पडण्याचा शॉट सगळ्यांत शेवटी घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी जाताना तो माझ्याशी बोलला. घरी सोमीला, म्हणजे बायकोला, त्याने फळे धरायचं काम आहे एवढंच सांगितलंय. मीही तेवढंच सांगावं, अशी त्याची विनंती. हे काम का पत्करलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "समदी गप व्हत्यात ना कंपोंडरदादा, मी उभा ऱ्हायलो का. असं कवा झालंच नव्हतं."

त्याला सांगायचं होतं की सेटवर मला डॉक्टर म्हणतात. नंतर सांगेन.


सोमवार, २४ फेब्रुवारी

आज पहिली खरी लढत. खरी म्हणजे खरीच. तेलंगांचं मत असं की प्रेक्षक आता शहाणा झालाय, हवेत मारलेले ठोसे त्याला कळतात. शिवाय गुप्त आखाड्यात हातमोजे कुठून येणार? म्हणून मुठींना नुसत्या कापडाच्या पट्ट्या. त्या मी बांधल्या. माझ्या बँडेजची घडी बघून तेलंग म्हणाले, मुंबईच्या इस्पितळातही अशी पाहिली नाही.

नायकाचे चेहऱ्याचे शॉट वेगळे घेतात, तेव्हा समोर कोणीच नसतं. ते हवेला मारतात आणि हवा कळवळते असं समजायचं. पाठीचे शॉट पिंटोंचे. शुक्राला मात्र डमी नाही. पाठीलाही तोच आणि तोंडालाही तोच.

मध्येच आबाजीशेट आले. आपल्या जागेत काही बरंवाईट झालं तर फौजदार आपल्याकडे येईल, म्हणून त्यांनी अट घातली की प्रत्येक लढतीआधी डॉक्टरचा लेखी दाखला हवा. तेलंगांनी माझ्याकडे पाहिलं. आबाजीशेट मला लहानपणापासून ओळखतात. ते काही बोलले असते, पण तेलंगांनी त्यांना नायकाशेजारची खुर्ची दिली. मग दवाखान्याच्या छापील कागदावर लिहिलं: 'शुक्रा, वय अंदाजे अठ्ठावीस, तपासले. तंदुरुस्त आहे.' खाली सही. सहीचं शेवटचं अक्षर जरा जास्तच लांब गेलं.

लढत उत्तम झाली. शुक्राची भुवई फुटली. टिंक्चर लावलं तेव्हा तो हसला.


बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळी दवाखाना उघडायच्या आत सोमी दारात. टोपली खाली ठेवून उभी राहिली आणि नवऱ्याचं तोंड कशाने सुजलं ते विचारलं. मी शब्दाला जागलो. गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं, गिरणीच्या वाशाला मोठं पोळं आहे.

तिने आपली मूठ पुढे धरली. "गांधील मुठीयेवडी व्हती का?"

मी म्हटलं, मोठी होती. ती आणखी काही न विचारता टोपली उचलून गेली. भोळी माणसं, पटतं त्यांना.

टोपलीतल्या शेवग्याच्या शेंगा संध्याकाळी आमच्या जेवणात होत्या. इंदू म्हणाली, दारावर एक बाई आली होती, चांगली आहे, बसून बोलली दोन घटका.


सोमवार, २ मार्च

दुसरी लढत. दाखला दिला. आता मजकूर पाठ झालाय. तपासायला वेळ कमी पडला, कारण ऊन उतरत होतं, पण माणूस समोर धडधाकट उभा होता, तपासायचं काय?

एक ठोसा शुक्राच्या डाव्या कानशिलावर बसला. पिंटोंनी खांद्याला मारला होता, पण शुक्रा ऐन वेळी खाली झुकला. क्षणभर तो उभ्या जागी गोल फिरल्यासारखा झाला. तेलंग खूष. असं फिरणं शिकवून येत नाही म्हणाले. नंतर कान दुखतो म्हणून शुक्रा माझ्याकडे आला. कापसाला जरा रक्त लागलं. कानदुखीचे म्हणून आपल्याकडे जे ग्लिसरीनचे थेंब आहेत ते चार टाकले आणि कापूस लावला.

तेलंगांनी मला आखाड्याभोवतीच्या गर्दीत उभं राहायला सांगितलं आहे. बड्या लोकांपैकी एक. कोट त्यांचाच. कॅमेरा माझ्याकडे दोनदा वळला.


मंगळवार, ३ मार्च

काही नाही. येसूबाईंचा खोकला तसाच. क्विनाइन संपत आलं.


रविवार, ८ मार्च

होळी. कंपनीला सुट्टी. आज सकाळी शुक्रा वाटेत दिसला, मी पुलाच्या कठड्यापाशी होतो. दोन हाका मारल्या, वळला नाही. तिसऱ्यांदा मोठ्याने मारली, तरी तसाच पुढे गेला. चार दिवस चेहऱ्यावर ऊन काय टाकलं, नट झाला. सेटवरही हेच. परवा तेलंग त्याला डावीकडून बोलावत होते, हा उजवीकडे बघत उभा.

शिवाय चालताना झोकांड्या देत होता. सकाळी सकाळी मोहाची घेतलेली दिसते. त्यांच्यात सणाला चालतं म्हणा, पण कलेच्या क्षेत्रात आल्यावर माणसाने जरा सांभाळून राहावं. एकदा समजावून सांगेन.


बुधवार, ११ मार्च

शनिवारी शेवटची लढत. पडण्याचा शॉट. तालमीत शुक्रा अजूनही पडत नाही. तेव्हा तेलंगांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पिंटो या वेळी जरा जोरात मारतील, म्हणजे अभिनयाची गरजच पडणार नाही. हे शुक्राला सांगायचं नाही. डॉक्टर म्हणून मला विश्वासात घेतलं.

पिंटोंना हे मान्य नसावं. दुपारी ते आपणहून माझ्याकडे आले, हे पहिल्यांदाच. म्हणाले, डॉक्टर, त्याची डावी बाजू बघा. एवढंच बोलून उभे राहिले, मी काही बोलेन अशा बेताने. मी म्हटलं, डाव्या बाजूने फोटो चांगला येतो त्याचा, तेलंगही तेच म्हणतात. पिंटोंनी खालचा ओठ चावला आणि गेले. मुष्टियोद्ध्यांनी वैद्यकात लक्ष घालू नये.


गुरुवार, १२ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

संध्याकाळी घरी आलो तर ओसरीवर इंदू आणि सोमी शेजारी शेजारी बसलेल्या. दोघींचा चहा झालेला. मी गांधीलमाशीची चौकशी करायच्या बेतात होतो, पण इंदूच्या चेहऱ्याकडे बघून राहिलो. तिला सगळं पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. सोमीलाही. सोमीने नवऱ्याला तसं कळू दिलं नव्हतं इतकंच. तो संध्याकाळी वाडीवर चढून येताना गात यायचा, तसा कधी आला नव्हता, म्हणून गप्प राहिले, असं ती म्हणाली.

मग म्हणाली, गेले दहा दिवस गात नाही. डाव्या अंगाने हाक मारली तर त्याला कळत नाही. काल लाकडं आणताना ती मागे राहिली, पायाखालून साप गेला, ती ओरडली आणि तो पुढे चालतच राहिला. चालताना झाडाला हात लावत लावत चालतो.

इंदूने मला एकच विचारलं. "तुमी त्याचा कान बगितलाव का? का नुस्ता कागद लिवला?"

आत येऊन ही डायरी उघडली आणि मागची पानं वाचली. हाक मारली तरी वळत नाही. झोकांड्या देत होता. कापसाला रक्त. सगळं लिहिलेलं आहे, तारीखवार, माझ्याच अक्षरात. चौदा वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभा होतो. कानाचा पडदा फाटलेले तीन रोगी तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत आणि त्यात थेंब टाकायचे नसतात हेही डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं आहे.

जेवलो नाही. इंदूनेही आग्रह केला नाही.


शनिवार, १४ मार्च

सकाळीच गिरणीवर जाऊन तेलंगांना गाठलं आणि सांगितलं की आज दाखला देणार नाही, त्याचा कान फुटला आहे. ते शांतपणे म्हणाले, डॉक्टर, एक ठोसा. एकच. मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. ते म्हणाले, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तुमच्या दाराशी डॉक्टरांच्या नावाची पाटी आहे की. आणि मग म्हणाले, "बरं तर, कंपाउंडर, बाजूला व्हा."

मागच्या दोन दाखल्यांतला एक त्यांनी खिशातून काढला. त्यावर तारीख घालायची मी विसरलो होतो.

आबाजीशेटना तो कागद दाखवून काम सुरू झालं. ऊन बरोबर डोक्यावर. मी गर्दीत, अंगात बड्या माणसाचा कोट. समोर पिंटो आणि शुक्रा. आवाजवाल्याने हात खाली केला, कॅमेरा फिरू लागला. दोन हलके ठोसे झाले. तेलंगांनी बोट वर केलं, ती पिंटोंना खूण होती. पिंटोंनी ती पाहिली आणि नुसतेच हात वर धरून शुक्राभोवती फिरत राहिले. तेलंगांनी पुन्हा बोट वर केलं.

मी काय विचार केला ते मला आठवत नाही. खरं सांगायचं तर आधी कोट काढून नीट खुर्चीवर ठेवला, कारण तो दुसऱ्याचा होता. मग दोरी ओलांडून आत गेलो. धोतर दोरीत अडकलं, ते सोडवायला थोडा वेळ गेला. कोणीतरी हसलं. शुक्राच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभा राहिलो आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने त्याचं नाव घेतलं.

गिरणीतली कबुतरं उडाली. शुक्रा समोर पिंटोंकडे बघत उभा होता. तो वळला नाही.

पुन्हा घेतलं. वळला नाही. सगळे गप्प झाले. आवाज टिपणाऱ्याने पेटीतून डोकं बाहेर काढलं. मग पिंटोंनी मुठीवरची माझी पट्टी सोडली, ती गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि तेलंगांना म्हणाले की आता तुम्हीच मारा. आबाजीशेट उठले आणि गिरणी खाली करायला सांगितली.

मला वाटलं शुक्रा आभार मानेल. त्याला कळल्यावर तो इतका संतापला की मी मागे सरलो. "तुमी माजा खेळ मोडलाव," म्हणाला. "मी काय पडनार व्हतो? त्यानं कितीबी मारला असता तरी मी पडनार नवतो. आज समद्यांना दावनार व्हतो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला आणखीही बरंच बोलला, ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं बरोबर होतं.


रविवार, १५ मार्च

कंपनीने सामान हलवलं. छपराचे पत्रे लावायचे तसेच राहिले, आबाजीशेट त्याबद्दल मला बोल लावतात.

शुक्रा वाडीवर निघून गेला. दवाखान्यात यायला तयार नाही. सोमीकडून त्याचा निरोप आला: त्याला म्हणावं, येऊ नको इकडं. मला.


रविवार, २२ मार्च

डॉक्टरसाहेब परवा आले. आता जाड भिंगांचा चष्मा आहे, डोळे त्यात बशीएवढे दिसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हो, कोटाचं सांगितलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला कानाचं कळत नव्हतं म्हणून मी रागावलो असतो तर वेगळं. तुला कळत होतं, सहदेव." दिवसभर मी बाटल्यांना पट्ट्या चिकटवल्या, सगळ्या वाकड्या आल्या.

आज इंदू आणि सोमी शुक्राला घेऊन आल्या. कशा आणल्या ते मला सांगितलं नाही. तो माझ्याकडे न बघता बाकावर बसला. डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधून कानात नळकांडं धरून पाहिलं. पडदा फाटलाय, आतून पू झालाय. थेंब कोणी टाकले म्हणून विचारलं. मी, म्हणून सांगितलं. शुक्राने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

कान कोरडा ठेवायचा, पावसाळाभर पाणी जाऊ द्यायचं नाही, रोज कापूस बदलायचा. पुष्कळसा भरून येईल, पूर्ण नाही. आणखी एक ठोसा बसला असता तर पुढचं सांगता येत नव्हतं.

रोज कापूस कोण बदलणार, वाडी दोन कोस वर. मी म्हटलं, मी जाईन. कोणी काही म्हटलं नाही. तेव्हा जायचंच ठरलं असं समजतो.


गुरुवार, ९ एप्रिल

अठरा दिवस वर जातोय. पहिला आठवडा शुक्रा नुसता कान पुढे करून बसायचा. काल चढताना मला धाप लागली, पाणी मागितलं. पाणी देऊन म्हणाला, चालताना तोंड मिटून चालावं. आज तोंड मिटून गेलो. खरंच कमी दमलो.


रविवार, २९ नोव्हेंबर

डायरी मधले महिने राहून गेली. पावसाळ्यात हिवतापाची इतकी गर्दी होती की रात्री पाठ टेकली की झोप. शुक्राचा कान सुकला. विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं ऐकू येतं म्हणतो. गातो मात्र परत, सोमीच्या मते पहिल्यापेक्षा मोठ्याने.

पिंटोंचं पत्र आलं होतं. 'गुप्त आखाडा' कल्याणला लागलाय, दुपारच्या खेळाचे चार पास पाठवले होते. आज आम्ही चौघे गेलो. सोमी आगगाडीत पहिल्यांदाच बसली होती आणि खिडकीतून नेरळपर्यंत प्रत्येक डोंगराचं नाव सांगत होती. पिंटो दाराशी भेटले. शुक्राने त्यांच्या पोटात हलकेच एक ठोसा दिला, तेव्हा मी पिंटोंना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

चित्र वाईट आहे. हे मी रागाने लिहीत नाही. नायक हवेत मारतात ते लहान पोरालाही कळतं. पण शुक्रा पडद्यावर आला की थिएटरात खरंच सगळे गप्प होत होते. सोमी पदराचं टोक चावत बसली होती. मीही दिसलो. डावा खांदा दोनदा, आणि एकदा कानापर्यंत. इंदूला दाखवायच्या आत गेला.

शेवटची लढत आली. पडण्याचा शॉट झालाच नव्हता, तेव्हा तेलंगांनी असेल त्यात भागवलं आहे. नायक ठोसा मारतो. शुक्रा उभा. नायक पुन्हा मारतो. शुक्रा उभाच. आणि एकदम नायकाच्या गळ्यात हार आणि शेजारी त्याची बहीण रडते आहे. मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडला, "अरे, पण तो पडला कधी?" सगळं थिएटर हसू लागलं. मग पुढचेही ओरडू लागले. शुक्राने सोमीला विचारलं, काय म्हणतात. तिने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो खुर्चीत ताठ बसला आणि दिवे लागेपर्यंत तसाच बसून राहिला.

कर्जतला उतरल्यावर मी त्यांना कडावच्या वाटेला लावायला थोडं पुढे गेलो. भाताच्या खाचरांत कापणी झालेली, ऊन कलतं होतं. कर्ण्यातला आवाज फाटका असल्यामुळे शुक्राला चित्रातलं बोलणं काहीच कळलं नव्हतं. नायक काय म्हणाला, खलनायक काय म्हणाला, सांगा म्हणाला. मी त्याच्या उजव्या हाताला होऊन सांगू लागलो. सगळं आठवत नव्हतं. जिथे आठवलं नाही तिथे मी घातलं. जिथे आठवलं तिथेही थोडं घातलं.

मग त्याने विचारलं, "आन् मी काय बोल्लो?"

आता पूर्ण चित्रात त्याला एकही वाक्य नाही. पण तो माझ्याकडे वळून, चांगला कान पुढे करून उभा राहिला होता. मी म्हटलं, शेवटच्या लढतीआधी तू नायकाला म्हणतोस, "मार. पण मी हललो नाही, तर उद्यापासून फळा तू धरायचा."

इंदू दुसरीकडे बघू लागली. सोमीने मान हलवून सांगितलं, तिने सगळं चित्र डोळे फाडून पाहिलं होतं, त्यात तो असं काही बोललेला नाही, हा माणूस पुन्हा गांधीलमाशी सांगतो आहे.

शुक्राने बांधावर उभं राहून ते वाक्य एकदा पुटपुटून पाहिलं.

"बोल्लो नसंन," तो म्हणाला. "पन बराबर हाय. आनखी काय बोल्लो?"